‘तूर सवंग’ की ‘तूर स्वस्त’? स्वस्त हा शब्द मुळात आला कुठून?

जुळारी

नमस्कार मंडळी. मी मुद्रितं तपासण्याचं काम करते आणि सध्या एका शब्दापाशी अडले आहे.

हातातलं पुस्तक म्हणजे एका व्यापारी घराण्याच्या जुन्या वह्यांचं संकलन. वह्या मोडीत होत्या, घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी त्या बाळबोधीत उतरवल्या. जोंधळे, तूर, गूळ, सरकी अशा नोंदी, आणि शेऱ्याच्या जागी एखादाच शब्द. कुठे ‘महाग’, कुठे ‘सवंग’. ‘स्वस्त’ मात्र त्या शेऱ्यांत अजून तरी दिसलेला नाही.

आमच्या तरुण संपादकाचं म्हणणं असं, की सगळीकडे ‘सवंग’ काढून ‘स्वस्त’ घालावं. आजचा वाचक सवंग लोकप्रियता, सवंग घोषणा, सवंग मनोरंजन एवढंच ओळखतो. ‘तूर सवंग’ वाचल्यावर तो अडखळणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे तूर हलक्या प्रतीची होती असा अर्थ घेणार. त्याची काळजी रास्त आहे, ती मी बाजूला सारत नाही. पण समासात दुरुस्तीची खूण करायला पेन्सिल पुढे होत नाही. महाग आणि सवंग शेजारी शेजारी वाचले की ते मुळातच जोडीनं आलेले वाटतात. महाग आणि स्वस्त तसे वाटत नाहीत.

तर विचारायचंय ते हे. ‘सवंग’चा अर्थ पूर्वी नुसता ‘कमी किमतीचा’ एवढाच होता का? आणि ज्या ‘स्वस्त’नं त्याची जागा घेतली, तो कुठला? आमच्याकडे एक जण म्हणतो ‘स्वस्ति’वरून आला, दुसरी म्हणते ‘स्वस्थ’वरून. ‘जरा स्वस्थ बस’ मधल्या स्वस्थचा आणि ‘कांदे स्वस्त झाले’ मधल्या स्वस्तचा काय संबंध, हे माझ्या ध्यानात येत नाही. कोश व्युत्पत्ती कंसात टाकतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. कोणी सावकाश उलगडून सांगेल तर हवं आहे. पुस्तकाची पानं लवकरच छपाईला जायची आहेत.

अर्धमात्रा

जुळारीताई, तुमचा कान अगदी बरोबर सांगतोय. त्या ‘सवंग’ला कोणाला हात लावू देऊ नका.

महाग आणि सवंग ही सख्खी भावंडं आहेत. दोघांच्या पोटात एकच शब्द आहे, ‘अर्घ’. अर्घ म्हणजे मोल, किंमत. ज्याचा अर्घ मोठा ते महार्घ, ज्याचा अर्घ सम म्हणजे पातळीवरचा ते समर्घ. महार्घचं झालं महाग, समर्घचं झालं सवंग. मी निवृत्त होईपर्यंत प्राकृत शिकवत होतो आणि ध्वनिबदल समजावायला हीच जोडी फळ्यावर लिहायचो, कारण तिच्यात सगळं डोळ्यांसमोर घडताना दिसतं.

बघा कसं. समर्घचं प्राकृतात ‘समग्घ’ होतं. दोन स्वरांमध्ये सापडलेला म मराठीत पुष्कळदा नाकात बोललेल्या व मध्ये विरघळतो. ग्रामचं गाव, नामचं नाव, आमलकचा आवळा, श्यामलचा सावळा, कोमलचा कोवळा. तसाच इथे म चा व झाला, आणि त्याचा अनुनासिक उच्चार शेजारच्या ग वर जाऊन बसला. सवंगमधला अनुस्वार ही त्या हरवलेल्या म ची खूण आहे. शेवटचा घ बोलताना हलका होत ग झाला, महागमध्येही तेच झालं. गुजरातीनं मात्र तो घ जपला. तिथे महाग म्हणजे ‘मोंघुं’ आणि स्वस्त म्हणजे ‘सोंघुं’. जोडी अजूनही एकत्र नांदतेय. कोणाला शंका असेल तर हे दोन शब्द शेजारी ठेवून मोठ्यानं म्हणून बघावेत.

हे शब्द पुस्तकी अलंकार नव्हते, बाजाराचे होते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजानं दर पाच रात्रींनी किंवा दर पंधरवड्याला व्यापाऱ्यांसमक्ष मालाचे भाव ठरवावेत असं सांगितलं आहे. त्या भाव ठरवण्याला शब्द वापरलाय ‘अर्घसंस्थापन’. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कोणत्या काळात कोणता माल महागेल याचं वेगळं प्रकरण आहे, त्याचं नाव ‘अर्घकाण्ड’. संक्रांत जी वस्तू धारण करते ती वर्षभर महाग होते, ही आपल्याकडची समजूतही त्याच प्रकारच्या विचारातली. आणि हा अर्घ ‘अर्ह्’ म्हणजे ‘योग्य असणे’ या धातूपासून आलेला आहे. नोकरीच्या जाहिरातीत आपण ‘शैक्षणिक अर्हता’ वाचतो ना, ती अर्हता आणि बाजारातली महागाई एका मुळाची. ज्या वस्तूची जेवढी योग्यता, तेवढा तिचा अर्घ. मला हे नातं फार मोलाचं वाटतं.

समर्घमधल्या ‘सम’कडे जरा लक्ष द्या. त्यात ‘कमी’ असं काही म्हटलेलंच नाही. ना चढा, ना अडलेल्याला नाडणारा, असा समतोल भाव. म्हणजे सवंग हा शब्द जन्मानं अगदी सरळ चालीचा आहे. आज त्याला जो थिल्लरपणाचा वास येतो तो खूप नंतरचा.

आता स्वस्त. ‘स्वस्ति’ सोडून द्या. स्वस्ति म्हणजे सु अधिक अस्ति, ‘चांगलं असो’. त्यातून स्वस्तिक, स्वस्तिवाचन वगैरे. स्वस्थ म्हणजे स्व अधिक स्थ, आपल्या जागी असलेला. अक्षरं सारखी दिसतात, घडण निराळी. अभ्यासक स्वस्तचं मूळ स्वस्थ असंच मानतात, हिंदीतल्या सस्ताचंही तेच. थ चा त होणं आपल्या जिभेला नवं नाही. गृहस्थ लिहितो आणि ‘गृहस्त’ म्हणतो, मध्यस्थ लिहितो आणि ‘मध्यस्त’ म्हणतो.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती तुमच्या वह्यांशी जुळते. सवंग हा प्राकृतातून, पिढ्यानपिढ्यांच्या तोंडातून घासत आलेला शब्द आहे. स्वस्त तसा नाही. प्राकृतातून आला असता तर त्यातला ‘स्त’ असा अखंड राहिलाच नसता. हस्तचं हत्थ होऊन हात झालं, मस्तकचं माथा झालं, पुस्तकाची पोथी झाली. स्वस्तमधला ‘स्त’ शाबूत आहे, म्हणजे तो संस्कृतातून नंतर उचलला गेला आणि बोलण्यात थोडासाच झिजला. अशांना आम्ही अर्धतत्सम म्हणतो. तेव्हा महागचा मूळचा जोडीदार सवंगच. स्वस्त मागाहून त्याच्या जागी आला.

अर्थाचं म्हणाल तर हिंदीनं स्वस्थचा ‘निरोगी’ हा अर्थ धरला आणि आपण ‘न हलणारा, शांत’ हा धरला. स्वस्थ बस, मन अस्वस्थ आहे, वगैरे. धान्याचे भाव कधी उसळत? पाऊस दगा देई तेव्हा, लढाया चालू असत तेव्हा, लमाणांचे बैलतांडे वाटेत अडत तेव्हा. मुलूख स्वस्थ झाला की वाटा मोकळ्या होत, धान्य येई, भाव आपल्या जागी बसत. ‘आपल्या जागी’ म्हणजेच स्व-स्थ. शांततेचा शब्द कमी भावाचा शब्द झाला तो या वाटेनं, असं मी तरी मानतो.

नवखा

काका, फार सुंदर समजावलंत. एक प्रश्न. समर्घ इतका सभ्य शब्द होता तर सवंग असा खाली का घसरला?

अर्धमात्रा

किमतीचे शब्द फार काळ किमतीपुरते राहत नाहीत. कमी भावाचा माल, मग कमी प्रतीचा माल, मग कमी अभिरुचीचा माणूस, अशी ती उतरण आहे. ‘हलका’ हा शब्दही तसाच गेला, आधी वजनानं हलका, मग ‘हलक्या मनाचा’. सवंगच्या बाबतीत उतरण पुरी झाली, कारण भावासाठी स्वस्त हा दुसरा शब्द तोवर रुळला होता. कामावरून मोकळा झालेला सवंग पूर्णपणे निंदेकडे गेला.

स्वस्त सुद्धा त्याच उतरणीवर आहे. ‘माणसाचा जीव स्वस्त झालाय’ असं आपण म्हणतो तेव्हा तिथे भाव कुठे असतो? अपघाताची बातमी वाचून ते वाक्य तोंडून निघतं आणि त्यात केवढी हळहळ असते. क्रियापदांची निवडही पाहा. महागात ‘पडतं’, स्वस्तात ‘सुटतो’. ‘थोडक्यावर निभावलं, स्वस्तात सुटलास’ यातला स्वस्त पैशाचा नाहीच, संकटाच्या मानानं कमी झालेल्या नुकसानीचा आहे. ज्याची कल्पना अंगवळणी पडते तो शब्द असाच रूपकात शिरतो.

दिवाणजी

मी भाषेचा माणूस नाही, पण धान्य आणि कांद्याच्या अडतीवर लिखापढी करण्यात उमर गेली, म्हणून चार शब्द लिहितो.

ताई, आधी तुमच्या कामाचं सांगतो. जुन्या वह्यांत भाव आजच्यासारखा ‘किलोला इतके रुपये’ असा नसतो. तो उलटा असतो, रुपयाला किती शेर, रुपयाला किती पायल्या. धान्याच्या या भावाला ‘धारण’ म्हणत. जुने लोक विचारायचे, ‘जोंधळ्याची धारण काय?’ म्हणजे आकडा मोठा तर माल स्वस्त, आकडा लहान तर माल महाग. आपल्या आजच्या सवयीच्या बरोबर उलट. तुमच्या ‘सवंग’च्या ओळीतले पायल्यांचे आकडे काढा आणि ‘महाग’च्या ओळीतल्यांशी ताडून बघा. त्याच मालाचे, त्याच मापाचे घ्या, कारण पायली गावागणिक लहानमोठी असायची. सवंगपुढचा आकडा मोठा निघाला तर तुमच्या संपादकाला दुसरा पुरावा द्यायची गरज नाही. आणि मजकूर जुळवताना कोणी आकडा ‘चुकलाय’ म्हणून फिरवणार नाही याचीही काळजी घ्या.

दुसरी गोष्ट बाजाराची. मार्केट यार्डात ‘स्वस्त’ हा शब्द फार क्वचित कानावर पडतो. आम्ही म्हणतो बाजार नरम आहे, उठाव नाही, आवक दाबून आली, भाव उतरले, भाव तुटले, बाजार बसला. सर्रास नुसतं ‘बाजार शांत आहे’ असंही म्हणतो, आणि वर काकांनी स्वस्थचं जे सांगितलं ते वाचून मी थांबलोच. बाजार शांत म्हणजे भाव हलत नाहीत, तेजी नाही. अगदी हाच अर्थ.

आणि शेतकऱ्याच्या तोंडी तर तो शब्द स्वतःच्या मालासाठी येतच नाही म्हटलं तरी चालेल. लिलाव होतो, वजन होतं, मग आम्ही हिशेबपट्टी करतो. वर मालाची रक्कम, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं एकेक वजा. पट्टी हातात घेतली की माणूस आधी खालचा आकडा बघतो, मग वर जातो, मग पुन्हा खाली येतो. कांद्याची आवक दाटली त्या दिवसांत तो खालचा आकडा बघून पट्टी चौघडी करून खिशात टाकणारे किती तरी पाहिले. ते काय म्हणायचे? भाव पडला. माल मातीमोल गेला. कवडीमोल गेला. ‘माझा कांदा स्वस्त झाला’ असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. तोच कांदा शहरातल्या पिशवीत पडला की स्वस्त होतो. स्वस्त हा घेणाऱ्याचा शब्द आहे, विकणाऱ्याकडे त्यासाठी ‘पडणं’ आहे. शहरातले लोक आनंदानं ‘स्वस्ताई आली’ म्हणतात तेव्हा मला ती पट्टी दिसते, हे मी मनापासून सांगतो.

तुमच्या वहीचा धनी व्यापारी होता. घेणाराही तोच, विकणाराही तोच. म्हणून त्याला एका बाजूला न झुकणारा शब्द लागत असणार. सवंग तसा आहे असं काकांच्या लिहिण्यावरून दिसतं.

पायवाट

दिवाणजी, तुमचा शेवटचा मुद्दा वाचून अंगावर काटा आला.

माझं माहेर गोव्याचं, म्हणून थोडी भर. आमच्या कोंकणीत महागला ‘म्हारग’ म्हणतात. त्यात महार्घमधला र अजून ठणठणीत ऐकू येतो, मराठीनं तो गाळला. स्वस्तला आमच्याकडे ‘सवाय’. बाजारात मासळीवाल्या बाईशी बोलताना ‘सवाय’ आणि ‘म्हारग’ हीच दोन टोकं असतात, ‘स्वस्त’ आम्ही शाळेत मराठी शिकताना भेटलेला शब्द.

लग्नानंतर महाराष्ट्रात आले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली होती ती इथे लिहिते. दुकानदार स्वतःच्या पाटीवर ‘स्वस्त’ सहसा लिहीत नाही. ‘येथे सर्व प्रकारची कामे माफक दरात करून मिळतील’ असं लिहितो. किंवा ‘वाजवी दरात’, ‘योग्य दरात’, ‘किफायतशीर दरात’. ही माफक, वाजवी, किफायत मंडळी अरबीतून फारसीमार्गे आलेली. सवलतही तशीच. राज्यकारभाराच्या आणि हिशेबाच्या भाषेतून ती मराठीत मुरली आणि त्यांच्यात एक अदब राहिली. स्वस्त म्हटलं की गिऱ्हाईक मालावर शंका घेतं, माफक म्हटलं की दुकानदाराच्या नियतीवर विश्वास ठेवतं. ठळक अपवाद रेशनच्या दुकानाचा. तिथे मोठ्या अक्षरांत ‘स्वस्त धान्य दुकान’ असतं, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, वाटूही नये. काही ठिकाणी त्यालाच ‘रास्त भाव दुकान’ म्हणतात.

आणखी एक निरीक्षण. महागाईच्या नावानं आपल्याकडे भत्ता आहे, निर्देशांक आहे, मोर्चे आहेत. १९७२ च्या दुष्काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी बायकांना हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवलं, त्या समितीच्या नावातच ‘महागाई प्रतिकार’ होतं. स्वस्ताईच्या वाट्याला असलं काही नाही. तो शब्द म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येतो, तोही भूतकाळात. ‘तेव्हा स्वस्ताई होती गं’, एवढंच.

अर्धमात्रा

पायवाटताई, ‘रास्त’ची आठवण फार योग्य जागी काढलीत. रास्त फारसी, अर्थ सरळ, योग्य. समर्घमधल्या ‘सम’चा भाव त्याच्या अगदी जवळचा. म्हणजे ‘सवंग’चा मूळ आशय आज ‘स्वस्त’पेक्षा ‘रास्त’मध्ये जास्त उतरतो. जुळारीताई, टीप लिहाल तेव्हा हे ध्यानात असू द्या.

दिवाणजी, धारणेचा मुद्दा सुचवलात ते उत्तम झालं. मला तो सुचला नसता.

जुळारी

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवाणजींच्या सांगण्याप्रमाणे तूर आणि जोंधळ्याच्या नोंदी वेगळ्या काढून बसले. माप एकच, वही एकच. सवंग शेऱ्याच्या ओळींत पायल्यांचा आकडा मोठा आहे, महागच्या ओळींत लहान. दोन जागा अशा निघाल्या की आमच्याच कार्यालयात कोणीतरी पेन्सिलीनं आकड्याभोवती गोल करून प्रश्नचिन्ह टाकलं होतं, कारण ‘महाग’ लिहिलंय आणि आकडा कमी कसा, असं वाटलं असणार. ते गोल आता पुसले.

संपादकाला हा धागा वाचायला दिला. तो म्हणाला, शब्द राहू दे, पण वाचक अडखळणार ही माझी शंका अजून आहे, टीप हवी. मला ते मान्य आहे. पहिल्यांदा ‘सवंग’ येतो त्या पानाच्या तळाला टीप घालतेय. मसुदा असा:

‘सवंग: (सं. समर्घ) स्वस्त. महाग (सं. महार्घ) याच्या विरुद्ध.’

यात काही खटकतं का?

अर्धमात्रा

‘स्वस्त’ एवढाच एक शब्द अर्थ म्हणून देऊ नका, नाहीतर संपादकाची मूळ सूचनाच टीपेत येऊन बसेल. ‘रास्त किंवा उतरलेल्या भावाचा’ असं लिहा. आणि आजचा निंदेचा अर्थ इथे अभिप्रेत नाही, हे स्पष्ट शब्दांत घाला.

दिवाणजी

धारणेचंही एक वाक्य जोडा, ताई. आकडे वाचणाऱ्याला त्याचा जास्त उपयोग होईल.

जुळारी

दोन्ही घातलं. आता टीप अशी जातेय:

‘सवंग: (सं. समर्घ) रास्त किंवा उतरलेल्या भावाचा, महाग (सं. महार्घ) याच्या विरुद्ध. थिल्लर, उथळ हा आजचा अर्थ या नोंदींत नाही. या वह्यांतील धारण रुपयास किती पायल्या अशी आहे. आकडा मोठा तितका माल सवंग.’